‘घरपोच’ लिहिलेत, मग भाडे कसले? ईमेलचे शीर्षक आणि ग्राहकांची टीका

मराठवाड्यातील लहान उद्योगांचा ग्राहक आता गावापुरता किंवा जिल्ह्यापुरता राहिलेला नाही. लातूरकडची तूरडाळ पुण्याच्या सोसायट्यांत जाते, बीडच्या डोंगराळ भागातील सीताफळ मुंबईला जाते, आणि पैठणीची चौकशी तर परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडूनही होते. या ग्राहकांशी रोजचा संपर्क ठेवायला व्हॉट्सॲप आहेच. पण दरपत्रक, नव्या हंगामाची माहिती, मालाविषयीचा सविस्तर मजकूर असे जे सावकाश वाचायचे आणि लागेल तेव्हा पुन्हा शोधून काढायचे असते, त्यासाठी ईमेल अजूनही सोयीचा पडतो. अडचण अशी की ईमेल पाठवणारे बहुतेक जण शीर्षक सगळ्यात शेवटी आणि घाईत लिहितात, आणि त्यावर आलेली टीका मात्र ऑफिसात फोन घेणाऱ्या पोराकडे सोपवून मोकळे होतात. माझ्या मते ही दोन कामे मुळात वेगळी नाहीत. ग्राहक रागावून लिहितो तेव्हा बहुतेक वेळा तो शीर्षकाने दिलेल्या शब्दाचा हिशेब मागत असतो. त्यामुळे शीर्षक लिहिणाऱ्यानेच तक्रारी वाचाव्यात, निदान काही महिने तरी.

आधी शीर्षकाकडे पाहू. मोबाइलवर ईमेलची पेटी उघडली की वाचकाला तीन गोष्टी दिसतात: पाठवणाऱ्याचे नाव, शीर्षकाचे पहिले काही शब्द आणि त्याखाली फिकट अक्षरांत मजकुराची पहिली ओळ. ईमेल उघडायचा की अंगठ्याने बाजूला सारायचा, हे एवढ्यावरच ठरते. आता समजा, लातूर जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीने जानेवारीत नवी तूरडाळ तयार होताच पुढील शीर्षक लिहिले: ‘सर्व सन्माननीय ग्राहकांना कळविण्यात अत्यंत आनंद होत आहे की यंदाची नवीन तूरडाळ विक्रीस उपलब्ध झाली आहे.’ हे वाक्य शुद्ध आहे, अदबीचे आहे आणि सरकारी परिपत्रकांवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना ते ओळखीचेही वाटते. पण पडद्यावर दिसते ते एवढेच: ‘सर्व सन्माननीय ग्राहकांना कळविण्यात…’ आनंद कशाचा, हे कळण्याआधीच जागा संपली. वयस्क ग्राहकांनी फोनमधील अक्षरे मोठी करून ठेवलेली असतात, त्यांच्यापर्यंत तर ‘सन्माननीय’ हा शब्दसुद्धा पुरता पोचत नाही.

तेच शीर्षक ‘नवी तूरडाळ आली, ५ किलो ८५० रुपयांत घरपोच’ असे लिहिले की वस्तू, प्रमाण, किंमत आणि सोय या चारही गोष्टी दिसण्याच्या जागेत बसतात. अदब गेली का? मला तसे वाटत नाही. ती मजकुराच्या पहिल्या ओळीत ‘नमस्कार’ म्हणून येऊ शकते, आणि ग्राहकाचा वेळ न खाणे हीही अदबच आहे. या शीर्षकातला ‘घरपोच’ हा शब्द मात्र लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याच शब्दावरून तक्रार येणार आहे.

मराठीत शीर्षक लिहिताना आणखी एक धोका आहे, ज्याचा उल्लेख इंग्रजी उदाहरणांवर बेतलेल्या मार्गदर्शनात सहसा आढळत नाही. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही नंतर. ‘दिवाळीच्या आठवड्यात आमचे विक्री केंद्र बंद राहणार नाही’ हे शीर्षक मोबाइलवर मधेच तुटले की ‘दिवाळीच्या आठवड्यात आमचे विक्री केंद्र बंद…’ असे उरते, आणि ग्राहक नेमके उलटे समजून दुसरीकडे खरेदी करतो. म्हणून मराठी शीर्षकात नकारार्थी वाक्य शक्यतो टाळावे आणि मुद्दा वाक्याच्या सुरुवातीला ओढून घ्यावा: ‘दिवाळीतही विक्री केंद्र सुरू, वेळ सकाळी ९ ते ६’. क्रियापद गाळले तरी चालते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांनी आपल्याला त्याची सवय लावलेलीच आहे. शीर्षक तयार झाले की त्याचे पहिले चार-पाच शब्दच तेवढे एखाद्या सहकाऱ्याला वाचून दाखवावेत आणि त्याला काय समजले ते विचारावे.

देवनागरीची तांत्रिक बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे. ईमेलचा मूळ साचा केवळ इंग्रजी मुळाक्षरे धरून बनवलेला असल्याने इतर लिप्यांतील शीर्षक सांकेतिक रूपात, तुकडे पाडून पाठवले जाते, आणि आरएफसी २०४७ या १९९६ च्या मानकानुसार असा एक तुकडा ७५ चिन्हांपेक्षा मोठा असू शकत नाही. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट जागा घेते, शिवाय काना, वेलांटी आणि हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. त्यामुळे ‘कार्यक्रम’ हा डोळ्याला चार अक्षरांचा दिसणारा शब्द संगणकाच्या लेखी ९ चिन्हांचा आणि २७ बाइटचा असतो. चांगली प्रणाली हे तुकडे अक्षराच्या सीमेवर पाडते, निकृष्ट प्रणाली अक्षराच्या पोटातच पाडते, आणि मग शीर्षकात मधेच प्रश्नचिन्हे किंवा चौकोन उमटतात. याहून नेहमीचा घोटाळा जुन्या फॉन्टचा आहे. पत्रक छापखान्यातून श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या पद्धतीत टाइप होऊन आलेले असते, तेथून मजकूर उचलून शीर्षकात चिकटवला की ग्राहकाला इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक काला दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना समजणाऱ्या सामायिक अक्षरसंकेतात, टाइप केलेला असावा आणि पाठवण्याआधी दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर स्वतः पाहावा, एवढी काळजी पुरते.

शीर्षकात ग्राहकाचे नाव आपोआप घालण्याची सोय घाऊक ईमेल पाठवण्याच्या बहुतेक सेवांत असते, आणि ती आपल्याकडे हमखास फसते. आपल्या याद्यांत आडनाव आधी लिहिलेले असते; मग प्रणाली पहिला शब्द उचलते आणि साठीच्या गृहस्थांना ‘पाटील, तुमच्यासाठी खास सवलत’ असा ईमेल जातो. ज्यांना गावात सगळे ‘अण्णा’ किंवा ‘सर’ म्हणतात, त्यांना नुसत्या आडनावाने हाक मारणे म्हणजे भांडणाला निमंत्रण. नाव, आडनाव आणि ‘राव’, ‘ताई’, ‘सर’ यांसारखे संबोधन हे वेगवेगळ्या रकान्यांत नीट भरलेले असेल तरच नाव वापरावे. नसेल तर ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ यांवर भागवावे. नाव न घातल्याबद्दल रागावलेला ग्राहक मी तरी पाहिलेला नाही.

आता खोट्या घाईविषयी. ‘फक्त २ तास शिल्लक’, ‘शेवटच्या १० पेट्या’, ‘हे वाचून धक्का बसेल’ अशी शीर्षके पहिल्यांदा उघडली जातात यात शंका नाही. दुसऱ्या आठवड्यातही तेच ‘२ तास’ शिल्लक असल्याचे दिसले की ग्राहक ते नाव कायमचे ओळखून ठेवतो. हा केवळ सचोटीचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, आणि त्यांत नमूद केलेल्या १३ प्रकारांत खोटी निकड निर्माण करणे याचा समावेश आहे. माल खरोखरच कमी असेल, मुदत खरोखरच संपत असेल, तर तसे जरूर लिहावे; केशर आंब्याचा हंगाम थोड्या आठवड्यांचाच असतो आणि ते सांगण्यात काहीही गैर नाही. फक्त तारीख लिहावी. ‘लवकरच संपणार’ यापेक्षा ‘मागणी ३१ मेपर्यंत’ हे शीर्षक ग्राहकाला नियोजन करू देते, आणि १ जूनला मागणी स्वीकारायची नाही एवढे पथ्य विक्रेत्याने पाळले की पुढच्या वर्षी त्या तारखेला वजन येते.

दोन शीर्षकांपैकी चांगले कोणते, हे ठरवण्यासाठी यादीचे दोन भाग करून दोन्ही पाठवून पाहण्याची पद्धत आहे. मोठ्या कंपन्यांसाठी ती उपयोगी आहे, पण आपल्याकडील लहान याद्यांना तिचा निकाल फार गंभीरपणे घेता येत नाही. समजा ६०० ग्राहकांपैकी ३०० जणांना एक आणि ३०० जणांना दुसरे शीर्षक गेले, पहिले ९० जणांनी उघडले आणि दुसरे १०५ जणांनी. हा १५ जणांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. त्यावरून दुसरे शीर्षक श्रेष्ठ ठरवणे घाईचे होईल. त्यातच ‘उघडले’ हा आकडाही आता पूर्वीसारखा विश्वासार्ह राहिलेला नाही. ईमेलमध्ये दडवलेले एक सूक्ष्म चित्र उतरवले (डाउनलोड) गेले की तो उघडला असे मानतात, आणि ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोनच्या आयओएस १५ पासून दिलेल्या सुविधेत ती चित्रे वाचकाने ईमेल पाहिला नाही तरी आधीच उतरवली जाऊ शकतात. त्यामुळे किती जणांनी उघडले याऐवजी किती जणांनी मागणी नोंदवली आणि किती जणांनी उलट उत्तर लिहिले, हे मोजणे शहाणपणाचे. उलट उत्तरांत टीकाही आली, आणि लहान विक्रेत्याला सर्वांत जास्त शिकवणारा हिशेब तोच असतो.

टीका ही या माध्यमाच्या जन्मापासूनची सोबतीण आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीतील गॅरी थुएर्क यांनी अर्पानेट या तेव्हाच्या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना एकाच वेळी आपल्या नव्या संगणकांची जाहिरात पाठवली. पहिला घाऊक जाहिराती ईमेल म्हणून तो ओळखला जातो, आणि त्यावर तक्रारीही लगोलग आल्या. आज फरक एवढाच की तक्रार पाठवणाऱ्याकडे न येता थेट ईमेल सेवेकडे जाऊ शकते. ‘स्पॅम’ म्हणजे नको असलेला ईमेल, हे बटण दाबले की झाले. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून लागू केलेल्या नियमांनुसार पाठवणाऱ्याविरुद्ध अशा तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहिले पाहिजे, म्हणजे १,००० ईमेलमागे ३ तक्रारी ही धोक्याची रेषा झाली, आणि प्रत्यक्षात ०.१ टक्क्याच्याही खाली राहावे अशी शिफारस आहे. ४०० जणांच्या यादीत दोघांनी बटण दाबले तरी प्रमाण ०.५ टक्के होते. जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना तर जाहिरातीच्या ईमेलमध्ये एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय देणे आणि ती विनंती दोन दिवसांत पुरी करणे बंधनकारक आहे.

म्हणूनच ‘नो-रिप्लाय’ असा, उलट उत्तर न स्वीकारणारा पत्ता वापरून ईमेल पाठवणे मला आत्मघातकी वाटते. रागावलेल्या माणसाला उत्तर लिहायची वाट बंद केली की त्याच्यापुढे उरते ते स्पॅमचे बटण, आणि ते दाबल्यावर त्याला आपले काय चुकले वाटले हे आपल्याला कधीच कळत नाही, उलट बाकीच्या ग्राहकांना जाणारे ईमेलही हळूहळू स्पॅमच्या कप्प्यात जाऊ लागतात. शिव्या घालणारे उत्तर परवडले. त्यात निदान कारण लिहिलेले असते.

आता त्या ‘घरपोच’ शब्दाकडे येऊ. छत्रपती संभाजीनगरातील एका निवृत्त शिक्षकांनी डाळ मागवताना पैसे भरायच्या पानावर ९० रुपये वाहतूक खर्च पाहिला आणि लिहिले, असे समजू: ‘शीर्षकात घरपोच लिहिता आणि शेवटी भाडे लावता. शेतकऱ्यांची कंपनी म्हणून विश्वास ठेवला होता. ही फसवणूक नाही तर काय?’ याला सर्रास जे उत्तर जाते ते असे असते: ‘आपल्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत. कृपया अटी व शर्ती पाहाव्यात.’ या दोन वाक्यांत दोन अपमान आहेत. ‘असल्यास’ म्हणून भावनांवरच शंका घेतली, आणि अटी दाखवून वाचण्यात चूक ग्राहकाची झाली असे सुचवले. शिवाय त्यांनी भावनांविषयी काही विचारलेलेच नव्हते. त्यांनी ९० रुपयांविषयी विचारले होते.

याऐवजी उत्तर असे लिहिता येईल: ‘नमस्कार सर. घरपोच म्हटल्यावर वेगळे भाडे लागणार नाही असेच कोणीही समजेल. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत आम्ही भाडे घेत नाही, बाकी ठिकाणी घेतो, आणि ही गोष्ट आम्ही शीर्षकात किंवा पहिल्या ओळीत लिहायला हवी होती. आपले ९० रुपये आज आपल्या खात्यात परत पाठवले आहेत. पुढील ईमेलमध्ये दर जिल्ह्यानुसार लिहू.’ यात चूक नेमकी कोणती ते ग्राहकाच्याच शब्दांत मान्य केले आहे, वस्तुस्थिती सांगितली आहे पण ढाल म्हणून पुढे केलेली नाही, आणि काय केले ते ‘परत पाठवले आहेत’ अशा, काम झाल्याचे सांगणाऱ्या क्रियापदात सांगितले आहे. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ हे वाक्य मराठवाड्यातील प्रत्येक माणसाने कुठल्या ना कुठल्या कचेरीत ऐकलेले असते आणि त्याचा अर्थ काय होतो हेही त्याला पक्के ठाऊक असते. ‘फसवणूक’ या शब्दाला मात्र उत्तर देऊ नये. तो खोडून काढायला गेले की पत्रव्यवहार डाळीवरून इज्जतीवर जातो आणि मग कोणीच माघार घेत नाही.

तक्रार एकाची असली तरी शीर्षक सगळ्यांना गेलेले असते, हा भाग हमखास निसटतो. ज्यांनी लिहिले नाही त्यांच्यापैकी काहींनी मुकाट्याने भाडे भरलेले असेल, काहींनी पान बंद केले असेल. म्हणून वस्तुस्थितीची चूक असेल तर दुरुस्तीही सगळ्यांना जावी, आणि तिचे शीर्षक लपवाछपवी न करता लिहावे: ‘दुरुस्ती: डाळ घरपोच फक्त लातूर, धाराशिव जिल्ह्यांत’. ‘एक महत्त्वाची सूचना’ असे गुळमुळीत शीर्षक दिले तर ती न उघडणारेच जास्त असतील, आणि तेच पुढे पुन्हा तक्रार करतील. व्याकरणाच्या किरकोळ चुकीसाठी मात्र सगळ्यांना दुसरा ईमेल पाठवू नये. तो नवा त्रास होतो.

व्याकरणावरून आठवले. मराठी वाचकाची टीका भाषेवर हमखास येते. शीर्षकात ‘विक्रि’ पडले की त्याच दिवशी कोणीतरी ऱ्हस्व-दीर्घ समजावून सांगतो, आणि त्याचे आभार मानून दुरुस्त करणे याखेरीज त्यात काही करायचे नसते. असा वाचक बहुतेक वेळा निष्ठावान ग्राहक निघतो, कारण त्याने ईमेल अक्षरन् अक्षर वाचलेला असतो. बोलीवरची टीका वेगळी आहे. ‘आंबे पाठवायलोत, पत्ता कळवा’ असे शीर्षक एखाद्या उत्पादकाने सहज लिहिले तर लातूर-नांदेडकडची, आता पुण्यात राहणारी मंडळी खूश होतात आणि तिथलाच दुसरा कोणी ‘हे कसले मराठी?’ असे विचारतो. येथे दुरुस्त करण्यासारखे काही चुकलेले नाही. ती उत्पादकाची रोजची बोली असेल तर ती तशीच राहू द्यावी, आणि विचारणाऱ्याला ‘आमच्याकडे असेच बोलतात’ एवढे हसतमुखाने कळवावे. गंमत म्हणून ओढूनताणून आणलेली बोली मात्र त्याच भागातल्या वाचकाला सर्वांत आधी खटकते.

‘किती ईमेल पाठवता?’ ही तक्रार फार वेळा येते आणि तीत तथ्य असते. विकायला काही नवे नसताना पाठवलेल्या ईमेलचे शीर्षक पोकळच होते. दिवाळीच्या आठवड्यात ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ या एकाच शीर्षकाचे ढीगभर ईमेल प्रत्येकाच्या पेटीत पडलेले असतात. सोयाबीन काढणीच्या धांदलीत शेतकरी ग्राहकाला रोजचा ईमेल नको असतो, पुण्याच्या गृहिणीला महिन्यातून एकदा पुरतो. वारंवारता नोंदणीच्या वेळीच विचारून घेणे सर्वांत सोपे.

एखाद्याने फारच जोरात लिहिले म्हणून धोरण बदलू नये, आणि फारच सौम्यपणे लिहिले म्हणून दुर्लक्षही करू नये. साध्या वहीत किंवा एक्सेलच्या पानावर तारीख, कोणते शीर्षक गेले, तक्रार काय आली आणि काय केले, हे चार रकाने ठेवले तर हंगाम संपेपर्यंत स्वच्छ दिसू लागते की तक्रारी ठरावीक शब्दांभोवती गोळा होतात: ‘मोफत’, ‘घरपोच’, ‘सेंद्रिय’, ‘अस्सल’. त्यापैकी ‘सेंद्रिय’ शब्दामागे प्रमाणपत्र आहे का, ‘अस्सल’ पैठणी म्हणजे हातमागावरची की यंत्रावरची, हे प्रश्न ग्राहक विचारणारच. उत्तर शीर्षकात मावत नसेल तर मजकुराच्या पहिल्या ओळीत असावे, आणि उत्तरच नसेल तर तो शब्द शीर्षकातून काढावा.

शिवीगाळ करणाऱ्याला एकदाच, थोडक्यात आणि दिवसाउजेडी उत्तर द्यावे. रात्री अकरा वाजता लिहिलेले उत्तर सकाळी पाठवण्यासाठी ठेवून द्यावे, सकाळी त्यातली निम्मी वाक्ये आपणच खोडतो. ‘मला पुन्हा ईमेल पाठवू नका’ असे कोणी लिहिले तर त्याला बटण शोधायला न लावता आपणच नाव काढावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक कायद्यातही संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे, असे तत्त्व आहे. ‘आपण आम्हाला का सोडून जात आहात?’ अशी प्रश्नावली पाठवण्याचा मोह टाळावा. ‘आपले नाव आज यादीतून काढले आहे’ एवढी एक ओळ पुरे. त्यानंतर त्या पत्त्यावर दिवाळीच्या शुभेच्छाही जाऊ नयेत, आणि नवी डाळ आली तरी ती बातमी त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळू द्यावी.